खाद्यासाठी आणलेले रातकिडे चार दिवसांत मरतात : मराठवाड्याच्या हवेत ते कसे जगवावेत?

गोदाकाठ (नांदेड)

सर्वांना नमस्कार. गेल्या दिवाळीपासून माझ्या मुलीकडे एक बियर्डेड ड्रॅगन आहे. मूळचा ऑस्ट्रेलियातला हा सरडा आता आठ महिन्यांचा झाला आहे. वाढीच्या या वयात त्याला पाल्यापेक्षा किड्यांची गरज अधिक असते, म्हणून महिन्यातून दोनदा मी मोठ्या शहरातून दोनशे रातकिड्यांचे पार्सल रात्रीच्या बसने मागवतो. पार्सल उघडल्यावर त्यात दहा-पंधराच मेलेले असतात, म्हणजे प्रवास त्यांना सोसतो. घरी आल्यावर मात्र चौथ्या दिवशी सकाळी झाकण उघडले की डोळ्यांना झोंबणारा वास येतो आणि तळाच्या काळपट गाळात निम्म्याहून अधिक किडे मरून पडलेले दिसतात. आतापर्यंत सलग पाच पार्सले अशीच वाया गेली आहेत. पैशाचे दुःख आहेच, परंतु माझ्या हातून इतके जीव विनाकारण मरत आहेत याचे दुःख त्याहून मोठे आहे.

माझी व्यवस्था अशी आहे. वीस लिटरचा प्लास्टिकचा डबा असून त्याच्या झाकणाला तापलेल्या सुईने पाडलेली तीस-चाळीस छिद्रे आहेत. तळाशी दोन बोटे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आहे व त्यावर अंड्यांचे दोन पुठ्ठे आडवे ठेवले आहेत. खायला गव्हाचे पीठ आणि पालक देतो. पाण्याच्या वाटीत किडे बुडत असल्यामुळे आता ओला कापूस ठेवतो. खोलीचे तापमान दुपारी ३८ ते ३९ अंशांपर्यंत जाते, म्हणून किड्यांना थंडावा मिळावा या हेतूने दिवसातून तीन वेळा डब्यात पाणी फवारतो. इतके करूनही ते उन्हानेच मरत असतील, तर आपल्याकडे मे महिन्यात रातकिडे जगवता येतात की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तुतीबाग (बीड)

गोदाकाठ भाऊ, तुमचे रातकिडे उन्हाने मेलेले नाहीत. ते ओलीने आणि कोंडलेल्या हवेने मेलेले आहेत, आणि ती ओल तुम्ही मायेपोटी स्वतःच्या हाताने फवारलेली आहे. हे स्पष्ट लिहितो, कारण पहिल्या वर्षी मीही हेच केले होते.

आमचा मूळ व्यवसाय तुतीचा आणि रेशीम अळ्यांचा आहे. पुतण्याच्या सरड्यासाठी रातकिडे सांभाळायला लागून मला दोन वर्षे झाली. शेडमध्ये पहिल्या दिवसापासून शिकवले जाते की अळीच्या अंगाखालचे अंथरूण कोरडे हवे आणि अंगावरून हवा खेळती हवी. अळ्या मोठ्या झाल्यावर बेड ओला राहिला आणि शेडचे पडदे बंद राहिले, तर फ्लॅचरीसारखा रोग पडून हाताशी आलेली बॅच जाते. रातकिड्याचेही तसेच आहे. तो दिवसभर खातो आणि दिवसभर विष्ठा टाकतो. कोरडी विष्ठा मोहरीपेक्षा बारीक, भुसभुशीत असते व तिला फारसा वास नसतो. तिच्यावर पाणी पडले की ती कुजते आणि तिच्यातून अमोनिया सुटतो. तुमच्या डोळ्यांना झोंबणारा वास त्याचाच आहे. कीटक शरीराच्या बाजूंवरील सूक्ष्म छिद्रांमधून श्वास घेतो. सुईच्या छिद्रांतून हा वायू बाहेर जात नाही आणि तळाशी बसलेल्या किड्याला तोच घ्यावा लागतो. तुम्ही झाकण उघडताच तोंड फिरवत असाल, तर तो किडा रात्रभर त्यातच बसलेला असतो, याचा विचार करावा.

आता काय करायचे ते सांगतो. डबा पन्नास-साठ लिटरचा, उंच आणि गुळगुळीत भिंतींचा घ्या. झाकणाचा मधला भाग आणि दोन बाजूंना वरच्या अंगाला तळहाताएवढ्या खिडक्या तापलेल्या पात्याने कापून त्यांवर धातूची बारीक जाळी बसवा. मच्छरदाणीची नायलॉनची जाळी चालत नाही. ती हे किडे कुरतडून बाहेर येतात, आणि एकदा बाहेर आलेला नर कपाटामागे बसून रात्रभर गातो. कोकोपीट पूर्ण काढून टाका, तळ उघडा राहू द्या. पुठ्ठे आडवे न ठेवता पुस्तकांसारखे उभे लावा, म्हणजे विष्ठा खाली तळावर पडते, किडे वर कोरड्या खाचांत बसतात आणि त्यांना एकमेकांपासून आडोसाही मिळतो. साफसफाईच्या दिवशी एकेक पुठ्ठा उचलून दुसऱ्या डब्यात हलकेच झटकावा, तळ कोरड्या फडक्याने पुसावा व पुठ्ठे परत लावावेत. दोनशे किड्यांसाठी आठवड्यातून एकदा एवढे पुरते. भिजलेला किंवा वास मारणारा पुठ्ठा मात्र त्याच क्षणी फेकावा.

पाणी हे पिण्यासाठी द्यायचे, अंथरुणावर नाही. कोंबडीच्या पिलांसाठी मिळते ते उलट्या बाटलीचे लहान पाणीभांडे घेऊन त्याच्या कडेच्या पन्हाळीत गोटे भरा. किडे गोट्यांवर उभे राहून पितात व बुडत नाहीत. कापूस दुसऱ्या दिवशी आंबतो. तो ठेवायचाच असेल, तर रोज बदलावा. याशिवाय गाजराचा किंवा दुधी भोपळ्याचा तुकडा बशीत ठेवावा आणि चोवीस तासांच्या आत उचलावा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत तहानेने किडा एका दिवसात निपचित पडतो, म्हणून पाण्यात खंड पडता कामा नये.

पिठाऐवजी गव्हाचा कोंडा द्या. पीठ ओल धरते, त्याचा लगदा होतो आणि त्यावर बुरशी येते. कोंड्यात कोंबडीच्या पिलांचे स्टार्टर खाद्य निम्म्याने मिसळा, कारण नुसत्या कोंड्यावर त्यांना प्रथिने कमी पडतात आणि मग ते एकमेकांना खाऊ लागतात. खाद्य औषध न मिसळलेले असावे, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.

माळवद (धाराशिव)

तुतीबाग दादांचे म्हणणे योग्य आहे. उष्णतेबद्दल मात्र थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण ३९ अंश हेही कमी नाहीत. रातकिड्यांची वाढ २८ ते ३२ अंशांत सर्वांत चांगली होते. ३५ च्या पुढे त्यांना त्रास होऊ लागतो आणि ४० च्या वर डब्यात सावली असूनही ते पटापट मरतात. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पिल्ले काढायची नसतील, केवळ आणलेले किडे पंधरा-वीस दिवस टिकवायचे असतील, तर २३ ते २५ अंश अधिक बरे. उबेत किडा लवकर वाढतो, लवकर म्हातारा होतो आणि लवकर मरतो.

आमचे जुने घर माळवदाचे आहे. हातभर जाडीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर, यामुळे बाहेर ४२ अंश असताना आतल्या खोलीत जमिनीलगत माझा तापमापक ३१-३२ दाखवतो. रातकिड्यांचा डबा तिथेच, जमिनीवर असतो. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांनी सर्वांत खालच्या मजल्यावरील उत्तरेकडची खोली निवडावी आणि डबा माळ्यावर किंवा कपाटावर कधीही ठेवू नये. वीज गेली तर पाण्याची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून डब्याच्या बाहेरून एका बाजूला टेकवावी, म्हणजे किडे आपल्या सोयीने तिकडे सरकतात. ओले बारदान लावायचे असल्यास ते डब्यापासून हातभर दूर, वाऱ्याच्या वाटेवर टांगावे. डब्यावर टाकू नये, जाळी बुजते. कूलर खोलीत चालतो, पण त्याचा ओला झोत थेट डब्यावर नको, आणि पहिला पाऊस झाल्यावर त्या खोलीतला कूलर बंद करावा.

डिसेंबर-जानेवारीत प्रश्न उलटा होतो. परभणी-नांदेडकडे पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा किडे खात नाहीत, हलत नाहीत, आणि नवखा माणूस त्यांना मेलेले समजतो. ते मेलेले नसतात. डबा स्वयंपाकघराच्या उबेला आणला की तासाभरात मिशा हलू लागतात.

गोदाकाठ (नांदेड)

दोघांचेही मनापासून आभार. आजच साठ लिटरचा डबा आणून खिडक्या कापल्या. पुठ्ठे उभे केले, फवारणी बंद केली.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली अशी की पाच पार्सलांपैकी तिसरे चार दिवसांत नव्हे, तर एका रात्रीत मेले. त्या वेळी डबा नवा होता, वासही नव्हता, परंतु सकाळी बहुतेक किडे उताणे पडून पाय थरथरवत होते. दुसरी शंका म्हणजे काही किडे पूर्ण पांढरे, दुधाच्या सायीसारखे दिसतात. रोग पसरू नये म्हणून मी ते वेचून फेकत आलो आहे. ते बरोबर होते का?

तुतीबाग (बीड)

पांढरा किडा रोगी नसतो, भाऊ. तो नुकताच कात टाकून बाहेर आलेला असतो. रातकिड्याला फुलपाखरासारखी कोषाची अवस्था नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू दिसायला लहानसा रातकिडाच असते आणि पंख येईपर्यंत ते आठ-दहा वेळा कात टाकते. कात टाकल्यावर एखाद-दोन तास त्याचे अंग पांढरे आणि मऊ असते, नंतर कडक होऊन तपकिरी रंग चढतो. त्या वेळेत इतर किडे त्याला खाऊ शकतात, म्हणून आडोसा भरपूर हवा. त्या अवस्थेतला किडा सरड्याला पचायला सगळ्यांत सोपा. तुम्ही उत्तम घास फेकत आलात.

तिसऱ्या पार्सलाबद्दल एकच प्रश्न विचारतो. त्या रात्री खोलीत डास मारण्याचे यंत्र किंवा कॉइल लावली होती का?

गोदाकाठ (नांदेड)

होय. डबा त्या वेळी मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत होता आणि तिथे द्रवाचे यंत्र रोज रात्री चालू असते. हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

तुतीबाग (बीड)

तेच कारण आहे. डासांवरील या औषधांत पायरेथ्रॉइड गटाचे कीटकनाशक असते. माणसाला ते फारसे जाणवत नाही, परंतु रातकिडाही कीटकच आहे. उताणे पडणे आणि पाय थरथरणे ही मज्जासंस्थेवर झालेल्या विषाची खूण आहे. रातकिड्यांच्या खोलीत यंत्र, कॉइल, झुरळांचा फवारा किंवा मुंग्यांचा विषारी खडू यांपैकी काहीही नको. मुंग्यांसाठी आपल्या आज्या जे दूध-तुपाच्या कपाटाला करत असत तेच करावे. डबा लहान चौरंगावर ठेवावा आणि चौरंगाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. मुंग्या एका रात्रीत पिल्लांचा डबा साफ करतात, त्यामुळे वाट्यांतले पाणी आटू देऊ नये.

भाजीबाबतही तेवढेच जपावे लागते. शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली आणि वारा आमच्या बागेकडे असला, तर तो पाला आम्ही अळ्यांना घालत नाही. बाजारातल्या मेथी-कोथिंबिरीवर चार दिवसांपूर्वी काय पडले आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. मागच्या श्रावणात बाजारच्या कोथिंबिरीच्या एका जुडीने माझे तीनशे किडे गेले. तेव्हापासून परसातल्या शेवग्याचा पाला आणि सोललेले गाजर, एवढेच देतो. नवी भाजी आणलीच, तर आधी दहा किडे वेगळ्या बरणीत ठेवून त्यांना ती खाऊ घालतो आणि एक दिवस वाट पाहतो.

आणखी एक सुचवतो. अळ्या मोल्टवर, म्हणजे कात टाकायला, बसल्या की बेड सुकावा म्हणून आम्ही चुन्याची भुकटी धुरळतो. डब्याच्या तळाला तीच धुरळली तर ओलही जाईल आणि किड्यांच्या अंगाला कॅल्शियमही लागेल, असे मला वाटते. जाणकारांनी सांगावे.

पशुवैद्यक (लातूर)

तुतीबाग दादा, तुमचे सर्व सल्ले मोलाचे आहेत, परंतु हा शेवटचा कृपया कोणी अमलात आणू नये. विरी गेलेला चुना, म्हणजे तंबाखू-पानासोबत खाल्ला जातो तो, कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो आणि तो दाहक आहे. रेशीम अळी कोणाच्या तोंडी जात नाही. रातकिडा मात्र थेट सरड्याच्या जिभेवर जाणार आहे, आणि चुना लागलेला किडा खाऊन तोंडाला व अन्ननलिकेला भाजण्याची भीती असते. सरड्यासाठी लागते ते कॅल्शियम कार्बोनेट. ते भुकटीच्या रूपात मिळते. न मिळाल्यास अंड्यांची टरफले उकळून, वाळवून, खलात मैद्यासारखी बारीक करून वस्त्रगाळ केली तरी चालतात.

हे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण असे की माझ्याकडे आणले जाणारे पाळीव सरडे बहुतेक वेळा उपाशी नसतात. ते पोटभर रातकिडे खाऊनच आजारी पडलेले असतात. रातकिड्याच्या शरीरात एक भाग कॅल्शियमला सुमारे नऊ भाग फॉस्फरस असतो, आणि सरड्याला याच्या उलट, फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम लागते. ही तूट भरली नाही, तर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते. जबडा रबरासारखा मऊ होतो, बोटे थरथरतात, पाय वाकतात, आणि वाकलेला पाय पुन्हा सरळ होत नाही.

त्यावर उपाय दोन बाजूंनी करायचा असतो. खाऊ घालण्यापूर्वी एक-दोन दिवस रातकिड्याला चांगले पोषण द्यावे, कारण सरडा खातो तो किडा आणि किड्याच्या पोटातले अन्नही. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असते, म्हणून तुमची निवड उत्तम आहे. पालक मात्र टाळावा, त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. त्यानंतर ऐन खायला देताना सात-आठ किडे बरणीत घ्यावेत, चिमूटभर कॅल्शियमची भुकटी टाकून बरणी हलकेच फिरवावी आणि लगेच सरड्यापुढे सोडावेत. रातकिडा मिशा आणि पाय तोंडात धरून अंग स्वच्छ करीत राहतो, त्यामुळे सकाळी लावलेली भुकटी संध्याकाळपर्यंत उरत नाही. ड जीवनसत्त्व असलेली भुकटी किती वेळा द्यायची, हे सरड्यावर यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा आहे की नाही यावर अवलंबून असते. ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन त्या दिव्याची जागा घेत नाही, काच ते किरण अडवते.

किड्याची लांबी सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा जास्त नसावी. आणि रात्री पिंजऱ्यात एकही जिवंत रातकिडा राहू देऊ नका. भुकेला रातकिडा झोपलेल्या सरड्याच्या बोटांना आणि पापण्यांना चावतो.

रानवाटा (हिंगोली)

शेतातल्या दिव्याखाली पावसाळ्यात रातकिड्यांचा खच पडतो, मग विकत का आणायचे, असे अनेक जण विचारतात. सोयाबीन आणि कपाशीवर फवारण्या चालू असतात त्याच दिवसांत हे किडे दिव्यावर येतात, आणि त्यांच्या अंगावर व पोटात काय आहे हे आपल्याला दिसत नाही. शिवाय रानातल्या किड्यांसोबत परजीवीही येतात. कृपया तसे करू नये.

सोबत एक विनंती. हा धागा वाचून कोणी घोरपडीचे किंवा तारा कासवाचे पिल्लू घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिलेले आहे आणि ते पाळणे गुन्हा आहे. परदेशी प्रजातींपैकी ज्या साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात येतात, त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. आपला प्राणी त्यात येतो की नाही, हे वन विभागाकडून खात्री करून घ्यावे.

वेरूळकर (छत्रपती संभाजीनगर)

मी चार वर्षे रातकिड्यांची पैदास करतो, म्हणून प्रजातींबद्दल लिहितो. विकत मिळणारे रातकिडे साधारणपणे तीन प्रकारचे असतात. पिवळसर तपकिरी रंगाचा घरगुती रातकिडा मऊ असतो. पंखांच्या मुळाशी दोन फिकट ठिपके असलेला काळा रातकिडा जाडजूड, मोठ्या आवाजाचा आणि आपसांत भांडणारा असतो. तिसरा पट्टेरी रातकिडा अंगाने बारीक व उड्यांना चपळ असतो, आणि आपल्या उन्हाळ्यात माझ्या अनुभवाप्रमाणे तोच सर्वांत चांगला तगतो.

गोदाकाठ यांनी सांगितलेली लक्षणे ओल आणि विषाचीच वाटतात. तथापि हवा, पाणी, खाद्य सर्व ठीक असूनही घरगुती रातकिडे वाढ खुंटून, मागचे पाय लुळे पडून उताणे मरू लागले, तर डेन्सोव्हायरस या विषाणूचा संशय घ्यावा. १९७७ साली युरोपात त्याची प्रथम नोंद झाली आणि २००९-१० च्या सुमारास उत्तर अमेरिकेतील मोठमोठी रातकिडा केंद्रे त्याने रिकामी केली. त्यावर औषध नाही. सर्व किडे आणि पुठ्ठे नष्ट करावेत, डबा ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावा व नंतर दुसरी प्रजाती आणावी. पट्टेरी आणि काळ्या रातकिड्यांवर त्याचा प्रभाव बराच कमी पडतो. म्हणूनच नवे पार्सल जुन्या किड्यांत कधीही ओतू नये, दोन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवावे.

गोदाकाठ (नांदेड)

साडेसात आठवड्यांनंतर लिहितो आहे.

नव्या डब्यात सोडलेल्या दोनशे किड्यांपैकी एकवीस दिवसांत सव्वीस मेले, आणि उरलेले सर्व सरड्याच्या पोटात गेले. डबा आता तळमजल्यावरील कोठीच्या खोलीत, चौरंगावर असतो. डासांचे यंत्र त्या मजल्यावरून काढून टाकले आहे. झाकण उघडल्यावर कोंड्याचा वास येतो, बाकी काही नाही.

त्यानंतरचे पार्सल वेरूळकरांच्या सांगण्यावरून पट्टेरी रातकिड्यांचे मागवले आणि त्यातील तीस मोठे किडे पैदाशीसाठी राखले. मादीच्या मागच्या टोकाला दाभणासारखी लांब नळी असते, ती पाहून मुलीने माद्या ओळखल्या. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात तीन बोटे ओलसर कोकोपीट भरून, माद्यांनी ते उकरून अंडी खाऊ नयेत म्हणून वर धातूची जाळी ठेवली आणि दोन रात्री तो आत राहू दिला. जाळीतून नळी खाली खुपसून माद्या तासन्‌तास स्थिर उभ्या राहतात. नंतर तो डबा झाकण लावून, झाकणाला चार छिद्रे पाडून वेगळा ठेवला. या एकाच ठिकाणी ओल लागते, तीही चिमटीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतकीच, हे दादांनी फोनवर बजावले होते. खोलीत २९ ते ३१ अंश होते.

बाराव्या दिवशी पहाटे मुलीने हाक मारली. डब्याच्या आतल्या बाजूला मुंगीपेक्षाही लहान, फिकट राखाडी पिल्ले शेकड्यांनी चढत होती आणि प्रत्येकाच्या मिशा हलत होत्या. गोट्यांच्या पन्हाळीत एवढी बारीक पिल्ले बुडतील, अशी भीती वाटते. त्यांना पाणी कसे द्यावे?

तुतीबाग (बीड)

पहिले दोन आठवडे पाणीभांडे ठेवू नका. गाजराच्या पातळ चकत्या सकाळ-संध्याकाळ बदला आणि बशीत ओल्या स्पंजचा चपटा तुकडा ठेवा, तो रोज धुवा. कोंडा व स्टार्टर मिक्सरमध्ये फिरवून भुकटी करा, पण बशीत पातळच पसरा. खिडक्यांच्या जाळीला आतून सुती कापड लावा, नाहीतर उद्या सकाळी ती सगळी पिल्ले कोठीच्या खोलीत असतील.